ताटातलं सगळं आपलंच

शेती करावी असं मला वाटलं तेव्हा मी नागपुरातल्या धंतोलीत एका खाजगी दवाखान्यात बिलाच्या खिडकीत बसलो होतो. काचेच्या पलीकडे विदर्भभरातून आलेले पेशंटचे नातेवाईक, अलीकडे मी, आणि मध्ये काचेला पाडलेलं एक अर्धगोल भोक. त्या भोकातून जगातली सगळी काळजी माझ्या टेबलावर यायची. असं वर्षानुवर्षं बसून माझी दोन मतं पक्की झाली होती. एक, माणूस आजारी पडतो तो बाजारचं खाऊन. दोन, मला पाठ टेकायला चांगली खुर्ची या जन्मात मिळणार नाही. दुसऱ्यावर इलाज नव्हता. पहिल्यासाठी मी वर्षभराची बिनपगारी रजा टाकली.

जमीन माझी नव्हती. माझ्या नावावर सक्करदऱ्यातला फ्लॅट आणि एक स्कूटी, एवढीच स्थावर-जंगम. जमीन सासऱ्यांची होती. पारशिवनीच्या अलीकडे दोन एकर, एक विहीर आणि दोन खोल्या. सासरे मॅट्रिक झाल्या झाल्या गाव सोडून नागपुरात सरकारी नोकरीला लागले आणि रिटायर होईपर्यंत शेतीवर फक्त बोलले. जमीन ठेक्याने दिलेली होती. ती यंदा आम्ही करतो म्हटल्यावर त्यांचे डोळे भरून आले. नंतर कळलं की त्यांना सर्दी होती.

माझी सगळी तयारी मोबाइलवर झाली होती. स्वावलंबी कुटुंबाची शेती या विषयावर मी इतके व्हिडिओ पाहिले होते की झोपेतसुद्धा मला बासरीचं संगीत ऐकू येई. प्रत्येक व्हिडिओत एक हसरा माणूस टोपली घेऊन चालत जातो, एक टोमॅटो तोडतो, पॅन्टला पुसतो आणि खातो. त्या माणसाची बायको एकाही व्हिडिओत दिसत नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

माझी बायको सक्करदऱ्यात ब्लाउज शिवायची. तिच्या हाताला नाव होतं. मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि घर मोकळं झालं, म्हणून ती एक मशीन आणि दोऱ्यांचा डबा घेऊन माझ्यासोबत शेतावर आली. पण आली ती अट घालून. आमच्याकडे गहू निघाला की शेतात रोडगे करतात. जाड्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकून फोडायचे, तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. तिची अट त्यावरच होती.

"चैत्रात बाबाइले बोलावून रोडगे करू," ती म्हणाली. "त्या दिवशी ताटातलं सगळं आपल्या शेतातलं पाहिजे. असलं, तर तुम्ही खुशाल राजीनामा द्या. एक जरी वस्तू बाजारातून आली, तर रजा संपली का गपचूप खिडकीत जाऊन बसायचं."

मी लगेच वाटाघाटीला बसलो. मिठाचं काय, असं विचारलं. मीठ सोडलं, ती म्हणाली. पीठ दळायची चक्की तर गावातली आहे, ते चालेल का? चालेल. मग गोवऱ्या पेटवायची काडीपेटी? त्यावर तिने सांगितलं की असंच बोलत राहिलात तर आजच सामान बांधू. मी काडीपेटी आपल्या बाजूने धरली आणि उठलो. पंच म्हणून सासऱ्यांची नेमणूक झाली. जमीन त्यांची, जीभ त्यांची.

पहिल्या पाच-सहा महिन्यांत आमच्यात कामाची वाटणी झाली. ठरवून नाही झाली. एकेक काम माझ्या हातातून निसटत गेलं आणि तिच्या हातात जाऊन पडलं, एवढंच. तुरीचं घ्या. तूर उगवून वीतभर झाली तेव्हा मी उत्साहाने एक पूर्ण ओळ निंदून काढली. तण म्हणून. तणाला मात्र मी पाणी दिलं, कारण ते जास्त तुरीसारखं दिसत होतं. तेव्हापासून तूर तिच्याकडे गेली. गव्हाच्या पेरणीला तिने मला बांधावर बसवून ठेवलं आणि पक्षी हाकलायला सांगितलं. मी डोळे मिटून बासरीचं संगीत आठवत राहिलो आणि पक्षी जेवून गेले. गहूही तिच्याकडे गेला.

गाईचा किस्सा वेगळा. गाय आम्ही रामटेकच्या रस्त्याला लागून गोठा असलेल्या एका माणसाकडून घेतली. तिथे ती म्हणे भांडंभर दूध द्यायची. आमच्याकडे आली आणि संपावर गेली. सरकीची ढेप घातली, पाठ खाजवली, मी तिच्याशी तासभर गप्पा मारल्या, ती दुसरीकडे पाहत राहिली. एकदा मी स्कूटी काढताना चुकून हॉर्न दाबला गेला, आणि गाईने पान्हा सोडला. जन्मभर ट्रकांच्या हॉर्नमध्ये पिळली गेलेली गाय ती, तिला शांततेत सुचतच नव्हतं. मग रोज सकाळ-संध्याकाळ बायको दूध काढायची आणि मी गोठ्याच्या दारात स्कूटीवर बसून हॉर्न वाजवायचो. शेजारच्या शेतातले लोक पहिले काही दिवस पाहुणे आले म्हणून डोकावून गेले. नंतर त्यांनी येणं बंद केलं आणि माझ्याकडे पाहणंही.

थोडक्यात, गहू, तूर, दूध, तूप, मिरची आणि जवसाचं तेल तिच्या खात्यात. माझ्या खात्यात हॉर्न आणि वांगी.

वांगी मी जीव लावून लावली होती. विहिरीजवळ चांगला मोठा वाफा केला, रोपं लावली, रोज सकाळी त्यांच्यासमोर उभा राहायचो. आता वांग्याला खत म्हणून जीवामृत द्यायचं असं मी व्हिडिओत पाहिलं होतं. शेण, गोमूत्र, थोडा गूळ, थोडं बेसन, भरपूर पाणी, आणि ते सगळं काही दिवस मुरवत ठेवायचं. मुरवणं हा प्रकार मला कधी जमला नाही. शिवाय मला वाटलं, यात खरी ताकद तर गूळ आणि बेसनाची आहे, शेण काय, ते असंही पडलेलंच असतं. म्हणून मी शेण कमी केलं, गूळ-बेसन सढळ हाताने घातलं, पाणी बेतानेच, आणि मुरायच्या आधीच ते घट्ट मिश्रण प्रत्येक रोपाच्या बुडाशी लाडवासारखं बसवलं. वास असा सुटला होता की मलाच एकदा चाखावंसं वाटलं.

सकाळी उठून पाहतो तर वाफ्यात रानडुकरांची पंगत उठून गेलेली. जंगल जवळच, त्यांना निमंत्रण पोचायला वेळ लागला नव्हता. नांगरानेही निघाली नसती अशी खोल माती निघाली होती. रोपं इकडे-तिकडे फेकलेली. बायको आली, तिने पाहिलं आणि ती मातीत खाली बसून हसली. पदर तोंडात कोंबून हसली. मी गंभीरपणे सांगितलं की काही झाडं वाचली आहेत, अजून वेळ आहे, चैत्रापर्यंत वांगी येतील.

"येतील," ती म्हणाली. "डुकरं परत येतील."

वाचलेल्या झाडांची मी पुन्हा लावणी केली. ती जगली, वाढली, पण त्यांनी मनात काहीतरी धरलं. पानं यायची, एखादं फूल यायचं आणि गळायचं. वांगं काही धरेना. एक झाड मात्र वाफ्याच्या कडेला असं फोफावलं की पाहत राहावं. डुकरांनी त्याला तोंडसुद्धा लावलं नव्हतं. मोठी पानं, मोठी फुलं. मी त्याला दुप्पट पाणी देऊ लागलो. बायको विचारायची, वांग्यांचं कुठवर आलं. मी म्हणायचो, येऊन राहिले. ती पुन्हा मशीन चालवायला लागायची.

चैत्र आला. कोठीत गहू, डाळ, डब्यात तूप, गोवऱ्यांचा हारा. वांग्याशिवाय सगळं होतं. आणि वांग्याशिवाय रोडगे म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. माझा राजीनामा मी मनात इतक्या वेळा लिहिला होता की त्यातली शुद्धलेखनाची चूकही मला पाठ होती. आदल्या दिवशी सासऱ्यांचा फोन आला. त्यांनी मला बजावून सांगितलं की वांगी कोणी तोडायची नाहीत. लहानपणी ते सकाळी सकाळी वाफ्यात जाऊन वांगी तोडायचे, तो आनंद त्यांना पुन्हा घ्यायचा होता.

"जवाईबापू, वांगे मी सोता तोडीन," ते म्हणाले. "माह्या हातानं."

म्हणजे बाजारातून आणून गुपचूप टोपलीत ठेवायची वाटही बंद झाली. इथे कोणत्याही शहाण्या माणसाने बायकोपुढे हात जोडले असते. मी पारशिवनीच्या बाजारात गेलो. छान जांभळी, चकचकीत, लांब देठाची वांगी निवडून घेतली. विकणाऱ्या बाईने विचारलं, काय करता भाऊ, भरीत का रस्सा? मी म्हणालो, बांधायची आहेत. तिने पिशवी जरा लांबूनच दिली.

परत आलो तेव्हा बायको खोलीत कणीक चाळत होती. मी तिच्या दोऱ्यांच्या डब्यातून हिरवा रीळ उचलला. देठाचा रंग हिरवा, दोराही हिरवा. ब्लाउजवालीचा नवरा आहे मी, मॅचिंग मला कळतं. मग वाफ्यात उकिडवा बसून एकेका झाडाला वांगी बांधत सुटलो. पहिलं वांगं बांधलं आणि मागे सरकून पाहिलं. खरं सांगतो, इतकं समाधान मला वर्षभरात झालं नव्हतं. शेवटी माझ्या झाडांना फळ धरलं होतं. मग हात आवरेना. कुठे एक, कुठे दोन, आणि त्या कडेच्या जोरदार झाडावर तर त्याच्या अंगाला शोभतील अशी सगळ्यात मोठी तीन. बाकीची झाडं वजनाने वाकली. तुरीच्या काड्या खोचून त्यांना आधार दिला. लांबून वाफा असा दिसत होता की व्हिडिओतल्या माणसाने टोपली टाकून रडावं.

दुसऱ्या दिवशी सासरे पहिल्या बसने आले. पांढरं धोतर, पांढरा शर्ट, गॉगल. बायकोने चुलीवर वरण चढवलं होतं, गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या. चहासुद्धा न घेता सासरे म्हणाले, चला वाफ्यात. मी टोपली घेऊन त्यांच्या मागे निघालो. छातीत असं धडधडत होतं की माझ्याच खिडकीतून माझंच बिल निघेल असं वाटलं.

वाफ्याच्या तोंडाशी सासरे थांबले. गॉगल काढला.

"बाप रे," मग हळूच म्हणाले. "आमच्या वडलाच्या काळात बी असे नव्हते गा वांगे."

त्यांनी पहिलं वांगं तोडलं. तोडलं म्हणजे हलकेच ओढलं आणि ते हातात आलं, मागून वीतभर हिरवा दोरा लोंबत. सासऱ्यांनी दोरा डोळ्यांजवळ धरला. माझी वाचा गेली होती, पण तोंड काही माझ्या वाचेवर अवलंबून नाही, ते आपोआप बोलायला लागलं. मी सांगितलं की ही नवीन पद्धत आहे. फळ मोठं झालं की देठाला ताण येतो, म्हणून दोऱ्याचा आधार द्यावा लागतो. परदेशात सगळे असंच करतात. मला वाटलं, आता हे वांगं माझ्या डोक्यात बसणार.

सासरे मान हलवत राहिले. जन्मभर शेतीवर बोललेला माणूस, शेतीवर कोणी काही सांगितलं की त्यांना ते आधीच ठाऊक असायचं. म्हणाले, हो हो, पेपरात वाचलं होतं. मग त्यांनी हौसेने प्रत्येक वांगं तोडलं, दोरा सोडवून नीट घडी घालून खिशात ठेवला, घरच्या कुंडीतल्या मिरचीला बांधू म्हणून. मी त्यांच्या मागे टोपली धरून चालत होतो आणि हळूहळू मला स्वतःलाच पटायला लागलं होतं की परदेशात खरंच असं करत असतील.

शेवटी ते कडेच्या त्या झाडाशी आले. तीन भरदार वांगी पाहून त्यांचा संयमच सुटला. त्यांनी तिथूनच लेकीला हाक मारली. मी म्हणालो, राहू द्या, तिचे हात कणकेत आहेत. पण ती आलीच. हाताला कणीक तशीच.

"पाय वं, पाय," सासरे म्हणाले. "तुह्या नवऱ्याची मेहनत पाय. झाड पाय कसं हाय."

तिने झाड पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा झाड.

"बाबा," ती म्हणाली, "तो धोतरा आहे."

कुठेतरी गाय हंबरली असती तर बरं झालं असतं. पण ती हॉर्नशिवाय तोंड उघडत नाही. सासरे वाकले. पान हातात घेतलं, फूल पाहिलं, पानाआड लपलेलं एक हिरवं काटेरी बोंड पाहिलं, त्याच्या शेजारी लोंबणारं पारशिवनीच्या बाजारातलं वांगं पाहिलं. महादेवाला वाहायचं झाड मी सबंध हिवाळाभर दुप्पट पाणी घालून पोसलं होतं. डुकरांना कळलं होतं ते मला कळलं नव्हतं.

"आन् हिरवा रीळ," बायको म्हणाली, "काल दुपारपासून शोधून राहिली मी. मंग खिडकीतून दिसलं. तुम्ही इतके रंगून गेले होते, हाक मारायचं जिवावर आलं."

 सासऱ्यांनी खिशातून घडी घातलेले दोरे काढून तिच्या हातावर ठेवले.

जेवण मात्र झालं. अन्नाचा काय दोष, म्हणत तिने त्याच वांग्यांची भाजी केली. रोडगे असे खमंग भाजले होते की फोडताना वाफ निघत होती, वरून तिच्या तुपाची धार. मी मान खाली घालून जेवलो. मान खाली घालून माणूस जास्त जेवतो, हे मला त्या दिवशी कळलं. हात धुतल्यावर तिने वडिलांना निकाल विचारला. सासऱ्यांनी पंचाचा आवाज काढला. गहू शेतातला, वरण शेतातलं, तूप शेतातलं, मिरची आणि तेलही शेतातलं. वांगी बाजारातली. सबब, ठरल्याप्रमाणे, शेती बंद करून दोघांनी सक्करदऱ्याला जावं. मी मान डोलावली. हरलो तर हरलो. मी आतल्या आत फ्लॅटची किल्ली शोधायला लागलो होतो.

"दोघांनी काहून?" बायको म्हणाली.

मी वर पाहिलं. ती ताटं गोळा करत होती.

"अट काय होती? बाजारातून आलं तर यांनी खिडकीत जायचं. माह्यं जायचं कुठं होतं त्याच्यात? माह्याकडं होतं ते सगळं पिकलं. यांच्याकडं होतं ते बांधा लागलं." तिने ताटांची चळत उचलली. "मी काही येत नाही सक्करदऱ्याले. गाय कोणाच्या भरोशावर सोडू? मशीन इथंबी चालते. तुम्ही जा, रविवारी येत जा."

मी काही बोलायच्या आत सासरेच पुढे झाले. त्यांना कल्पना इतकी आवडली की ते म्हणाले, मग मीच येऊन राहतो तुझ्या मदतीला, जमीन शेवटी माझीच. मी सांगतो, तू कर. ती थांबली, वळून वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आम्हा दोघांत तिला काहीतरी साम्य दिसलं असावं.

"बाबा," ती अगदी मायेनं म्हणाली, "तुम्हीबी यांच्यासोबतच जा."

त्याच संध्याकाळी सासरे आणि मी स्कूटीवरून नागपूरला निघालो. त्यांच्या मांडीवर उरलेल्या भाजीचा डबा. कामठीला चहा घेताना त्यांनी मला एकच विचारलं, परदेशात खरंच दोरा बांधतात का. मी म्हणालो, माहीत नाही. ते म्हणाले, मीही पेपरात वाचलं नव्हतं. चहाचे पैसे त्यांनी दिले.

रजा संपली त्या दिवशी मी धंतोलीत माझ्या खिडकीत जाऊन बसलो. खुर्ची तीच, भोक तेच. पहिल्याच सकाळी रामटेककडचे एक म्हातारे शेतकरी फाइल घेऊन आले. मला ओळखत होते. वर्षभर दिसले नाही साहेब, म्हणाले. मी सांगितलं की शेती करत होतो, पारशिवनीकडे. त्यांनी चष्म्यावरून मला नीट पाहून घेतलं.

"मंग सोडली काहून?"

"सोडली नाही काका," मी म्हणालो. "मले काढलं."

ते इतके हसले की मागच्या रांगेतल्या लोकांनी वाकून पाहिलं. त्यांची म्हातारी वर ऑपरेशनच्या खाटेवर होती. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि फाइल भोकातून आत सरकवली. मी पावती फाडून दिली आणि पुढच्या माणसाला जवळ बोलावलं.